दसऱ्याची मेथी टोरोंटोत

पत्र थोडक्यात: कोल्हापुरातल्या एक वाचक, वय ५८. राजारामपुरीत घर, गच्चीवर साठेक कुंड्या. लेक तीन वर्षांपूर्वी लग्न होऊन टोरोंटोजवळच्या उपनगरात गेली. तिच्या घरामागं लहानसं अंगण आहे. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर आई तिला बागेचं सांगते, ओळखीच्या माणसांबरोबर बियांच्या पुड्याही पाठवते. पण दसऱ्याला टाकलेली मेथी दोन पानांवरच गेली. तुळस एका रात्रीत काळी पडली. कांदे सुपारीएवढे झाले. डिसेंबरात कढीपत्त्याची सगळी पानं गळाली तेव्हा लेकीनं तो कुंडीसकट टाकून दिला. मागच्या रविवारी ती म्हणाली, "आई, यापुढं मला झाडांचं काही विचारू नकोस." जूनमध्ये तिचं बाळंतपण आहे. आई मेच्या मध्याला सहा महिन्यांसाठी जाणार आहेत. त्या विचारतात: लेकीच्या हाताला गुण नाही, की ती लक्षच देत नाही? तिथं गेल्यावर बाग मीच ताब्यात घेऊ, की हा विषय कायमचा सोडून देऊ?

ताई,

आधी त्या कढीपत्त्याबद्दल सांगते. तो बहुतेक मेलेला नव्हता.

एवढ्या खात्रीनं सांगते, कारण असाच एक कढीपत्ता मी स्वतःच्या हातानं मारलाय. काही वर्षांपूर्वी भाच्याकडं हिवाळ्याचे तीन महिने राहिले होते, तुमच्या लेकीच्या गावासारख्याच बर्फाच्या मुलखात. त्याच्या हॉलमध्ये खिडकीशी गुडघाभर उंचीचा कढीपत्ता होता. डिसेंबर लागला तशी पानं पिवळी पडून गळायला लागली. मी मनात म्हटलं, दोघं नोकरीवाले, यांना पाणी घालायला वेळ कुठला. मग रोज सकाळी पूजा झाली की तांब्याभर पाणी कुंडीत. वर आपल्याकडं घालतात तसं आंबट ताकही दोनदा ओतलं. जानेवारीत खोड हलवून पाहिलं तर ते अलगद हातात आलं. मुळं काळी पडलेली, बोटांत धरून ओढलं की वरची साल मोज्यासारखी निघून येत होती, आणि वास तुंबलेल्या मोरीचा. भाचा काही बोलला नाही. भाचेसून एवढंच म्हणाली, "मागच्या वर्षीही पानं गळाली होती मावशी, पण एप्रिलमध्ये परत फुटला होता."

कढीपत्ता उबदार हवेतला. थंडी वाढली आणि उजेड कमी झाला की तो पानं टाकतो आणि झोपी जातो. झोपलेलं झाड पाणी पीत नाही, आणि न प्यालेलं पाणी मुळं कुजवतं. अशा वेळी अंगठ्याच्या नखानं फांदीची साल किंचित खरवडायची. खाली हिरवट, ओलसर दिसलं तर झाड जिवंत आहे. कोरडं, तपकिरी दिसलं तर खोडाकडं सरकत आणखी दोन-तीन ठिकाणी खरवडायचं. बुंध्याजवळ जरी हिरवं सापडलं तरी वाट पाहायची. कुंडीत बोटाची दोन पेरं घालून माती कोरडी लागली तरच पाणी, म्हणजे कधी दोन-तीन आठवड्यांतून एकदा. खत तर मार्चपर्यंत अजिबात नाही. रात्रीचा पारा सलग १० ते १२ अंशांच्या वर राहायला लागला की मग कुंडी अंगणात.

लेकीनं झोपलेलं झाड टाकून दिलं, आणि तुम्हाला वाटलं तिनं हेळसांड केली. माहिती दोघींनाही नव्हती. तुम्ही दोनच शक्यता धरल्यात, हाताला गुण नाही किंवा लक्ष नाही. तिसरी धरलीच नाही: सल्ला चांगला होता, पण कोल्हापूरचा होता.

आपली थंडी म्हणजे काय ते जरा आठवा. रंकाळ्यावर पहाटे फिरणाऱ्यांच्या कानटोप्या निघतात, रात्री पारा १४-१५ वर येतो, कधी एखादा आठवडा त्याहून खाली. पण दुपारी ऊन असतंच, आणि जमीन कधीही गोठत नाही. उलट मेथी, कोथिंबीर, हरभरा, वाटाणा यांचा हाच मोसम. कोल्हापूरच्या बागेचा वैरी हिवाळा नव्हे, एप्रिल-मे. म्हणून आपण पाऊस ओसरला की वाफे करतो आणि दसऱ्याला बी टाकतो. टोरोंटोजवळ दसऱ्याच्या सुमाराला बागेचा पडदा पडत असतो. महाबळेश्वरला वेण्णा लेकवर दवबिंदू गोठले की आपल्याकडं पेपरात फोटो येतो. तिथं ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यापासून एखाद्या रात्री तसं होतंच, आणि पुढं जानेवारीत रात्री उणे १०च्या आसपास, मधूनच उणे २०. तेव्हा पानंच काय, वरची माती दगड होते.

तुमची तुळस एका रात्रीत काळी पडली त्याचं कारण हेच. पानाच्या पेशीत पाणी असतं. ते गोठलं की पेशी फाटतात. सकाळी ऊन लागून बर्फ वितळला की पान उकडलेल्या पालकासारखं लोंबतं आणि दुपारपर्यंत काळं पडतं. तुळशीला तर शून्यापर्यंत जायचीही गरज नाही, १० अंशांच्या खाली सलग काही रात्री गेल्या तरी ती मान टाकते. तुम्ही पत्रात लिहिलंय की तेव्हापासून मनात पाल चुकचुकते आहे. ती काढून टाका. आपल्या वृंदावनातली तुळससुद्धा मंजिऱ्यांनी भरली की वाळते, आणि आपण त्याच मंजिऱ्या चुरून नवी लावतो. तिथं तुळस वर्षभराची धरायचीच नाही. मेच्या अखेरीला लावायची, उन्हाळाभर अंगणात ठेवायची, सप्टेंबरात चार बोटांच्या दोन-तीन फांद्या तोडून पाण्यात मुळं फुटू द्यायची आणि त्या लहान कुंडीत घरात घ्यायच्या. तुळशीच्या लग्नाला घरात तुळस असते. ती थोडी फिकट, लांबट दिसेल. चालतं.

थंड देशातल्या बागेत दोन तारखा पाठ असाव्या लागतात: वसंतातलं शेवटचं गोठणारं दव केव्हा पडतं, आणि शरदात पहिलं केव्हा. या दोहोंमधलं अंतर म्हणजे त्या गावाचा मोसम. टोरोंटोच्या परिसरात तो मेच्या पूर्वार्धापासून ऑक्टोबरच्या पूर्वार्धापर्यंत, साधारण पाच महिने. तिथली माणसं व्हिक्टोरिया डेची सुट्टी खूण म्हणून वापरतात. २५ मेच्या आधीचा सोमवार. टोमॅटो, मिरची, वांगी ती सुट्टी होईपर्यंत उघड्यावर लावायची नाहीत, असा तिथला जुना शिरस्ता. आपल्याकडं मृगाला पेरायचं म्हणतात, त्यातलाच प्रकार. तुमची मुलगी जिथं राहते तिथल्या शेजारणीला हे तोंडपाठ असेल. तुम्ही मात्र तीन वर्षं तिला आपले सण सांगत होतात.

दुसरी गोष्ट पारा नव्हे, उजेड. कोल्हापुरात सर्वांत लहान दिवसही ११ तासांचा आणि सर्वांत मोठा १३ तासांपेक्षा थोडा जास्त. वर्षभरात फरक दोन तासांचा, आपल्या लक्षातही येत नाही. टोरोंटोला डिसेंबरातला दिवस ९ तासांहून कमी, आणि जूनमधला जवळजवळ साडेपंधरा. झाडं हे तास मोजतात. कांद्याचंच घ्या. आपल्याकडच्या कांद्याच्या जाती ११-१२ तासांच्या दिवसाला गड्डा धरायला लागतात. तिथं मेमध्येच दिवस १४ तासांच्या पुढं गेलेला, म्हणजे रोप बोटभर असतानाच त्याला वाटतं, आता कांदा धरायची वेळ झाली. सुपारी तयार! यात लेकीची काय चूक? तिथं मोठ्या दिवसाच्या जातीच लावाव्या लागतात, त्यांची रोपं मेमध्ये नर्सरीत जुड्यांनी मिळतात. वालाचं आणि पावट्याचं नेमकं उलटं. आपले बरेच वाल दिवस लहान व्हायची वाट पाहत बसतात. तिथं वेल कुंपणभर पसरतो, सप्टेंबरात फुलतो, आणि शेंग धरायच्या आत गारठा येतो. पुडीवर कितीही सुंदर चित्र असलं तरी वालाचं बी नेऊ नका.

बियांचं निघालंच आहे तर एक सांगते. ओळखीच्या माणसांच्या बॅगेत पुड्या कोंबणं आता बंद करा. कॅनडात उतरताना बिया, झाडपाला, खाण्याचे पदार्थ सगळं जाहीर करावं लागतं. मातीसकट रोप नेण्याचा तर विचारही नको. न सांगता नेलं आणि सापडलं तर त्या बिचाऱ्या माणसाला दंड. मेथी, धणे, मोहरी तिथल्या भारतीय किराणा दुकानात मिळतात आणि स्वयंपाकाचीच उगवतात. धणे तेवढे लाटण्यानं हलके रगडून दोन फाका करून घ्या.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडं येते. तुम्ही शब्द वापरलाय "ताब्यात घेऊ". अंगण तिचं आहे. बाळंतपणाला आलेल्या आईच्या ताब्यात पहिल्या आठवड्यातच स्वयंपाकघर जातं, मग कपाटं, मग बाळ. त्यात अंगणही गेलं तर लेकीला स्वतःचं म्हणायला काय उरलं? शिवाय तिनं स्पष्ट सांगितलंय, विचारू नकोस. ते रागानं म्हटलेलं असलं तरी तंतोतंत पाळा. रविवारचा फोन झाडांशिवाय होऊ दे.

विषय कायमचा सोडणं हाही मला मार्ग वाटत नाही. सहा महिने तुम्ही त्या घरात मातीला हात न लावता राहणार, हे तुमचं पत्र वाचून पटत नाही. जमलं तरी त्या न बोलण्याचंच ओझं घरात होईल. एक मात्र शांतपणे आठवून पाहा. तीन वर्षांत "मेथी आली का?" किती वेळा विचारलंत आणि "तिथं आत्ता काय लावतात गं?" किती वेळा? पहिल्या प्रश्नाचं उत्तर तिला दर वेळी "नाही" असंच द्यावं लागत होतं. परक्या देशात नोकरी, घर, थंडी सांभाळून आठवड्यातून एकदा आईपुढं नापास व्हायचं. मीही चिडले असते. इतक्या लांबून लेकीसाठी करता येण्यासारखं एवढंच उरलं होतं, म्हणून तुम्ही ते धरून बसलात, हेही दिसतं मला. आणि एक शक्यता अशीही आहे की तिला बागकामाची आवडच नाही. असू शकतं. गच्चीवर साठ कुंड्या असलेल्या घरात लहानपणी सुट्टीचं पाणी घालायची पाळी कोणाची होती, हे तुम्ही लिहिलेलं नाही.

तेव्हा मधला रस्ता. गेल्यावर एक कोपरा मागा. जावयांनाही विचारा, कारण गवत कापायचं यंत्र बहुतेक तेच फिरवत असतील. चार फूट बाय चार फूट पुष्कळ झालं. तेवढ्यात जे येईल ते तुमचं, जे मरेल तेही तुमचं. तिनं बाहेर येऊन पाहिलं तर पाहिलं.

आत्तापासून मार्चमध्ये घरात बी लावून ठेव असं मात्र तिला सांगू नका. मिरची-टोमॅटोची रोपं तिथली माणसं आठ-दहा आठवडे आधी दिव्याखाली वाढवतात, मग आठवडाभर रोज थोडा थोडा वेळ बाहेर ठेवून त्यांना वाऱ्या-उन्हाची सवय करतात. आपले रोपवाटिकेवाले हार्डनिंग म्हणतात तेच. दिवस भरत आलेल्या मुलीला हा व्याप कशाला? शिवाय गरोदरपणात माती हाताळायची तर हातमोजे घालूनच, कारण मांजरांच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्मा नावाच्या परजीवी जंतूचा संसर्ग होऊ शकतो. मेमध्ये नर्सरीत तयार रोपं मिळतात. दोन टोमॅटो, दोन मिरच्या, एक वांगं. लवंगी नाही मिळाली तर जी बारीक तिखट मिळेल ती, आणि ती कुंडीतच ठेवा, म्हणजे सप्टेंबरअखेर छाटून घरात घेता येते. मिरचीचं झाड मुळात अनेक वर्षं जगणारं आहे, तिथली थंडी त्याला एका वर्षाचं करते. भेंडी, दोडका, कारलं जूनच्या पहिल्या आठवड्यात, माती हाताला कोमट लागायला लागल्यावर. वर्षाच्या चटणीची मिरची तिथं पिकवायच्या फंदात पडू नका. ती आपल्याकडचीच न्या.

जमिनीचं आधीच सांगून ठेवते. नव्या वसाहतींत बिल्डर वरची चांगली माती खरवडून काढतात आणि खालच्या चिकट थरावर गवताची चटई अंथरतात. कुदळ मारली तर आपल्या पोयट्याची आठवण येऊन रडू येईल. लाकडी फळ्यांची चौकट करून त्यात विकतची माती आणि कंपोस्ट भरा. असा उचललेला वाफा वसंतात लवकर तापतोही.

गेल्या गेल्या टाकायचं ते मेथी आणि शेपू. दोघांनाही गार हवा चालते, व्हिक्टोरिया डेची वाट पाहावी लागत नाही. तिथली माणसं एप्रिलच्या मध्यापासूनच असल्या भाज्या पेरतात. तुम्ही मेच्या मध्याला टाकलीत तरी मेथी महिन्याभरात खुडायला येते, शेपू आणखी दहा-पंधरा दिवसांनी. बाळंतिणीच्या जेवणातल्या दोन्ही भाज्या, आणि बाळ जूनचं. हिशेब मी मुद्दाम केलेला नाही, तारखाच तशा जुळल्यात. शेपू तर त्या मुलखाला इतका मानवतो की एकदा बी पडलं की पुढच्या वर्षी आपोआप उगवतो. कोथिंबीर आणि पालक मात्र मेअखेर टाकलेत तर जूनच्या लांबलचक दिवसांत लगेच फुलोऱ्यावर येतील. त्यांचा दुसरा मोसम ऑगस्टच्या मध्यात सुरू होतो. तुमच्या दसऱ्याच्या मेथीचा मुहूर्तही तोच, १५ ऑगस्टच्या आसपास. दिवस लहान होत जातात, हवा गार होते, आणि ऑक्टोबरपर्यंत भाजी मिळते. गारठ्याचा अंदाज आला की रात्री वरून क्रॉप कव्हर टाकायचं. शिरोळ-जयसिंगपूरकडं कलिंगडावर घालतात तसलंच पातळ पांढरं कापड. त्यानं दोन-तीन आठवडे सहज वाढतात. पालक आणि केल नावाची तिथली कोबीच्या जातीची भाजी तर दवाचा फटका बसल्यावर गोड होते, कारण गोठू नये म्हणून झाड पानात साखर वाढवतं.

ससे येतील. मेथी त्यांनाही आवडते. दोन फूट उंचीची बारीक जाळी लावा आणि त्यावर फोनवर चर्चा करू नका.

सप्टेंबर-ऑक्टोबरात तुम्ही तिथंच असाल, तेव्हा हिवाळ्याची आवराआवर बघायला मिळेल. कोल्हापूरच्या माणसाला ती समजायला सोपी आहे. ऊस तुटून गेल्यावर खोडवा कसा ठेवतो? वर काही दिसत नाही, पण खाली डोळे जिवंत असतात. पुदिना, कांद्याच्या पातीसारखी असते ती चाइव्ह, स्ट्रॉबेरी, ही सगळी तिथं खोडव्यासारखी वागतात. वरचं वाळतं, एप्रिलमध्ये बुडातून फुटतं. म्हणून नोव्हेंबरात सगळं वाळलं म्हणून उपटत सुटायचं नाही. आणि आपण खोडव्यात पाचट आच्छादतो तसं तिथं मेपलची गळलेली पानं. ओंजळभर नव्हे, चांगला वीतभर थर. आपलं पाचट ओल धरून ठेवायला असतं. तिथला पाला आणखी एका कामाचा: जमीन एकदा गोठली की गोठलेलीच राहावी म्हणून. मधूनच ऊन पडून माती सैल होते, रात्री परत आवळते, आणि त्या ओढाताणीत लहान मुळं वर उचलली जाऊन उघडी पडतात. वर बर्फ पडला तर आणखीच उत्तम. भुसभुशीत बर्फ ही रजई आहे, जावयांना तो वाफ्यावरून खरवडू देऊ नका.

जमीन गोठण्याआधी झुडपांना एकदा भरपूर पाणी द्यायचं, कारण गोठलेल्या मातीतून मुळांना पाणी ओढता येत नाही आणि सदाहरित झाडं थंडीपेक्षा तहानेनं वाळतात. मातीच्या कुंड्या रिकाम्या करून आत ठेवायच्या, नाहीतर आतलं पाणी गोठून फुगतं आणि कुंडी तडकते. कुंडीतल्या झाडाची मुळं चारी बाजूंनी गारठतात, जमिनीतल्यांना तेवढा त्रास नसतो. नर्सरीत बारमाही झाडाच्या चिठ्ठीवर झोनचा आकडा असतो. जितका लहान तितकी जास्त थंडी ते सोसतं. टोरोंटोच्या परिसराला साधारण ५ ते ७ लागू. जे कुंडीतच ठेवायचं, ते तिथल्या गावाच्या आकड्यापेक्षा दोनानं लहान आकडा पाहून घ्यावं. मिरची-टोमॅटोला हा आकडा बघायचा नसतो, ती एका उन्हाळ्याचीच पाहुणी.

घरात घेतलेल्या कुंड्यांचं थोडक्यात: दक्षिणेची खिडकी, पण पान काचेला टेकता कामा नये, टेकलं तेवढं करपतं. हीटरनं हवा कोरडी होते आणि लाल कोळी पडतो. पानांच्या मागं बारीक जाळं दिसलं की न्हाणीत नेऊन पानं खालून-वरून धुवायची. खिडकीतल्या उजेडावर कोथिंबीर नीट होत नाही, लुळी पडते. दिवा लावायचा तर १२ ते १४ तास, नाहीतर ट्रेमध्ये मेथीचं दाट बी टाकून बोटभर झाली की कापायची आणि वरणात घालायची.

तुम्ही विचारलं नाहीत, पण तुमच्या गच्चीचं काय? मेचा उत्तरार्ध आणि मग सगळा पाऊस. जाण्याआधी प्रत्येक कुंडीचं भोक काडी घालून मोकळं करा, बशा काढून टाका, ज्यांना उन्हाचा त्रास होतो त्या एकत्र सावलीला ठेवा. पाऊस लागेपर्यंत पाण्याला कोणीतरी ठरवा, पैसे देऊन ठरवलेलं बरं. आणि साठांपैकी आठ-दहा जातील हे धरून चला. नोव्हेंबरात परत आल्यावर शेजारणीला हाताला गुण नाही म्हणू नका.

आता शेवटचं, आणि मला यातलं सर्वांत आवडतं ते. लसूण. आपल्याकडंही तो ऑक्टोबर-नोव्हेंबरातच लावतात आणि तिथंही ऑक्टोबरातच, एवढा एकच मुहूर्त दोन्हीकडं जुळतो. फरक असा की आपला लसूण उन्हाळा लागता लागता निघतो, आणि तिथला बर्फाखाली झोपून पुढच्या जुलैत. थंडी त्याला लागतेच. ती मिळाली नाही तर कांडी कांडी सुटत नाही, एकच गोल गड्डी होते. ऑक्टोबरच्या मध्याला तुमचं बाळ चार महिन्यांचं असेल, दुपारी दीड-दोन तास झोपत असेल. त्या वेळात लेकीला म्हणा, चल गं बाहेर, वीस पाकळ्या टोचायच्यात. टोक वर, दोन इंच खोल, वीतभर अंतरावर. वर मेपलचा पाला. आणि तुम्ही नोव्हेंबरात निघून या. त्या लसणाला पुढचे पाच महिने कोणी काही करायचं नाही, पाणीसुद्धा घालायचं नाही, त्यामुळं फोनवर विचारण्यासारखंही काही नाही. एप्रिलमध्ये बर्फ वितळला की हिरवी टोकं वर येतील. जूनमध्ये मधून एक वळलेला दांडा येईल, तो तिनं काढून टाकायचा म्हणजे खाली गड्डी पोसते. तो दांडा टाकून देऊ नये, हिरव्या मिरच्यांबरोबर तव्यावर भाजून खर्डा छान होतो. हे तेव्हा तिनं विचारलं तर सांगा.

फक्त बेणं सुपरमार्केटच्या लसणाचं नको. त्यातला बराच कोंब येऊ नये म्हणून औषध मारलेला असतो, आणि तो तिथल्या थंडीचा असेलच असं नाही. शेतकरी बाजारात कडक दांड्याचा स्थानिक लसूण येतो, तो सप्टेंबरमध्येच घेऊन ठेवा. ऑक्टोबरात गेलात तर संपलेला असतो.